कारंजं नको, खाचर हवं!

गावात बाग करायची म्हटलं की आपल्याकडे यादी तयारच असते. रंगीत कारंजं, सिमेंटचा बुरूज, हिरवळीवर ‘चालू नये’ची पाटी. पण त्या बागेत त्या गावचं असं काय असतं? वलवणच्या धरणासमोर छत्री धरून उभं राहिल्यावर सापडलेलं एक उत्तर...

शनिवारी रात्री साडेदहाला मैत्रिणीचा फोन आला. ‘‘उद्या सकाळची लोणावळा लोकल. छत्री आण. आणि पांढरे बूट घालू नकोस.’’ खट्. फोन बंद.

माझी ही मैत्रीण लँडस्केप आर्किटेक्ट आहे. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘‘आमचा मनीप्लँट पिवळा पडतोय, काय करू?’’ ती बिचारी उत्तरही देते. खरं तर तिचं काम असतं मोकळ्या जागांचं. चढ कुठे, उतार कुठे, पाणी कुठून येणार, सावली कुणावर पडणार, म्हाताऱ्या माणसाला किती पावलांनंतर बसावंसं वाटेल, हे सगळं कागदावर आणायचं.

लोकलमध्ये बसल्यावर भानगड कळली. घाटमाथ्यावरच्या एका छोट्या गावासाठी (नाव छापायचं नाही या बोलीवर तिने सांगितलंय!) तिच्या ऑफिसकडे सार्वजनिक बागेचं काम आलंय. जागा दीड एकर. सादरीकरण मंगळवारी. तिकडून आलेल्या पत्रात पहिलंच वाक्य, ‘परिसराचा ऐतिहासिक वारसा जपणारे उद्यान’. वाचून ही खूश. मग खाली यादी: फायबरचे दोन मावळे, सिमेंटचा बुरूज, गाण्यावर नाचणारं कारंजं आणि लाल बदामासकट गावाच्या नावाचा सेल्फी पॉइंट.

‘‘यात चुकतंय काय ते मला कळतंय गं,’’ ती म्हणाली, ‘‘पण मंगळवारी टेबलापलीकडच्या दहा माणसांना ते कसं सांगू? बाग गावाला एकदाच मिळते. पैसे खर्च झाले की पुढची पंचवीस वर्षं पोरं त्याच सिमेंटच्या बुरुजावर खेळणार आणि त्यालाच इतिहास समजणार.’’

म्हणून आम्ही चाललो होतो वलवणला. धरणाजवळची बाग कशी असते आणि कशी असू शकते, हे तिला तिथे उभं राहून बघायचं होतं.

भिंत, पाणी आणि उलटी वाट

वलवण म्हणजे तुमच्या-आमच्या लेखी एक्स्प्रेस-वेवरून लोणावळ्यात शिरायचा फाटा. चिक्की, कणीस, ट्रॅफिक जॅम. त्या गर्दीपासून जरा बाजूला झालात की मात्र धरणाची लांबलचक दगडी भिंत दिसते. पाऊस तिरका येत होता, धुकं भिंतीवरून खाली उतरत होतं आणि पायथ्याची झाडी मध्येच दिसत होती, मध्येच गायब. आम्ही पाच मिनिटं काही बोललोच नाही.

मग तिने सांगायला सुरुवात केली. घाटमाथ्यावरच्या पावसातून वीज काढायची, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ मध्ये ते गेले आणि काम पुढे नेलं दोराबजींनी. ८ फेब्रुवारी १९११ ला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात या योजनेची पायाभरणी झाली. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि मुंबईच्या कापड गिरण्या घाटावरच्या पावसाच्या जोरावर फिरायला लागल्या.

गंमत पुढेच आहे. हे खोरं इंद्रायणीचं. इथला पाऊस मुळात पूर्वेला जाणारा. देहू, आळंदी, मग भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. धरणाने त्यातलं पाणी अडवलं, खंडाळ्याकडे नेलं आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडलं. तिथून ते पाताळगंगेत. म्हणजे चाललं होतं आळंदीला आणि पोचलं अरबी समुद्रात! वलवणला बरेच जण ‘वळवण’ही म्हणतात. गाव धरणाच्या आधीचं आहे, त्यामुळे नावाचा आणि पाणी वळवण्याचा संबंध नसेलही. पण त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर तो जोडल्याशिवाय राहवत नाही.

‘‘बघ,’’ ती म्हणाली, ‘‘या एका गोष्टीवर अख्खी बाग उभी राहते. एक उंचवटा करायचा. त्यावर पडलेलं पाणी दोन दगडी पाटांतून दोन दिशांना सोडायचं, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. पोरं कागदी होड्या सोडतील. एक होडी आळंदीला, एक मुंबईला. पाटी लावायचीसुद्धा गरज नाही.’’

मला एकदम त्या नाचऱ्या कारंज्याची कीव आली.

अर्थात वारसा म्हणजे नुसता अभिमान नव्हे. याच मालिकेतल्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. धरण झालंच. जमिनी पाण्याखाली गेल्याच. घाटावरच्या कुठल्याही बागेत पाण्याची गोष्ट सांगायची तर गिरण्यांच्या दिव्यांबरोबर बुडालेली भाताची खाचरंही सांगावी लागतात. फायबरचा मावळा तलवार उपसून उभा असतो. हे मावळे मात्र कुठल्याच बागेत दिसत नाहीत.

बाग दिसते, पण ती कुणाची?

वलवणच्या धरणाच्या पायथ्याला झाडंझुडपं राखलेली बाग आहे. पण धरण टाटांचं, बागही त्यांची, त्यामुळे आत कुणी कधी यायचं हे ठरवणारही कंपनीच. धरणाच्या सुरक्षेचा विचार केला तर ते समजण्यासारखं आहे. पण मग गावासाठी, रोज कुणालाही जाता येईल अशी जागा कुठली? लोणावळ्यात नगरपरिषदेचं रायवुड पार्क आहे. उंच जुनी झाडं, शंकराचं जुनं देऊळ, खेळणारी पोरं. तिथे वारसा मुद्दाम आणून ठेवावा लागलेला नाही. झाडं आणि देऊळ होतं, लोक येत राहिले.

धरणाच्या पायथ्याच्या बागांचं आपल्याकडे एक मॉडेल ठरून गेलंय. म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागर धरणाखालचं वृंदावन. १९३२ मध्ये ते तयार झालं आणि पायऱ्यापायऱ्यांची रचना, कारंजी, रात्रीचे रंगीत दिवे यांनी देशाला वेड लावलं. आपल्या जायकवाडीच्या पायथ्याशी, पैठणला, त्याच धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान झालं. मराठवाड्यातल्या कित्येक शाळांच्या सहली तिथे गेल्या. त्यात वाईट काही नाही. कोरड्या मुलखात पाणी उडताना बघणं हा सोहळाच असतो.

पण घाटमाथ्यावर? इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात साताठशे. जिथे चार महिने आभाळच कारंजं होऊन बसतं, तिथे पंप लावून पाणी उडवायचं कशाला?

पुणेकरांनो, तुमच्या दोन बागा

टपरीवर चहा घेता घेता विषय पुण्याच्या बागांवर आला. सारसबागेत आपण भेळ खायला जातो. पण ‘तळ्यातला गणपती’ असं का म्हणतात, कधी विचार केलाय? कारण तिथे खरंच तळं होतं. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी ते करवून घेतलं, मधे बेट ठेवलं. त्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला. विसाव्या शतकात तळ्याच्या जागी बाग झाली. पण देवळाभोवती कमळांचं पाणी राहिलं, जमिनीचा खोलगटपणा राहिला आणि लोकांच्या तोंडी नाव राहिलं. अडीचशे वर्षांपूर्वीचं तळं अजून पायांना कळतं, कारण बागेत शिरताना तुम्ही खाली उतरता!

दुसरी बाग सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. आधीचं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. शेजारच्या कालव्याचं पाणी आत खेळवलंय, वळणाच्या वाटा, छोटे पूल, टेकाडं. बाग सुंदरच आहे. लग्न ठरलेल्या जोडप्यांचं फोटोसेशन तिथेच होतं, माझ्या दोन बहिणींचं झालंय! मी म्हटलं, ‘‘ही तर अख्खी परदेशी. इथे कुठला आला स्थानिक वारसा?’’

मैत्रिणीने पिशवीतून टॅब काढला आणि मूळ कोराकुएनचा नकाशा उघडला. ही बाग १७०० मध्ये पुरी झाली. तिथल्या सरदाराची खासगी बाग होती ती. १८८४ मध्ये ती सरकारच्या ताब्यात येऊन लोकांना खुली झाली. नदीपलीकडचा किल्ला बागेतून असा दिसतो, जणू तो बागेचाच भाग आहे. ‘उसना घेतलेला देखावा’ म्हणतात त्याला. आणि बागेच्या आत, हिरवळ, तळं, चहाघर यांच्या जोडीला, काय आहे माहितीये? चहाचा मळा आणि चक्क भाताचं खाचर!

‘‘आपण जपानकडून काय उचलतो?’’ ती म्हणाली. ‘‘दगडी दिवा, लाकडी पूल, वळणाची वाट. उचलायचं होतं ते खाचर. त्यांनी स्वतःच्या गावचं शेत बागेत आणलं. मावळात भात पिकतो. मग मावळातल्या बागेत विलायती हिरवळ का?’’

चहाचा ग्लास तसाच हातात राहिला माझ्या. इतकी साधी गोष्ट!

आणि भात तरी कुठला? इंद्रायणी! वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने काढलेला, १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलेला. आंबेमोहोराच्या घराण्यातला. नदीचं नाव घेतलेला हा तांदूळ आज पुण्या-मुंबईच्या प्रत्येक मॉलमध्ये पाच किलोच्या पिशवीत मिळतो. पण तो उगवताना किती जणांनी पाहिलाय? तीन-चार गुंठ्यांचं खाचर. जूनमध्ये रोपं, जुलैत शाळेच्या पोरांच्या हातून लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी. उन्हाळ्यात तीच जागा मोकळी, संध्याकाळी क्रिकेट खेळा. वर्षातून चार वेळा रूप बदलणारी बाग, तीही हिरवळीला मशीन फिरवण्याचा खर्च न करता.

टाकं, देवराई आणि सुताराचं नाव

परत निघेपर्यंत तिच्या वहीची पाच-सहा पानं भरली होती. आम्ही दोघींनी मिळून शोधायला लागल्यावर कळलं, मावळात बागेसाठी लागणारं सगळं आधीपासून आहे.

पाण्यासाठी टाकं. लोहगडावर जा, भाज्याच्या लेण्यांत जा, कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतील. भाज्याला तर असं टाकं दान दिल्याचा शिलालेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पाणी साठवलं आणि त्याची नोंद ठेवली.

झाडांसाठी देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा देवाच्या नावाने लोकांनी किती जुनं रान राखलंय हे शहरातल्या लोकांना कळलं. मग बागेत तीच झाडं आणा. जांभूळ, हिरडा, आईन, अंजनी, कडेला करवंद. पावसाळ्यात तेरडा, गणपतीनंतर सोनकी. आणि एका उतारावर कारवी. ती सात वर्षांतून एकदाच फुलते. म्हणजे पहिलीतल्या पोराने पाहिलेली फुलं, आठवीत पुन्हा! बागेला असंही एक घड्याळ असू शकतं.

आणि देणगीदारांच्या नावांसाठी कार्ले. आपल्या बागांतल्या बाकांवर काय असतं? ‘अमुक यांच्या सौजन्याने’, नावापेक्षा पद मोठं. कार्ल्याच्या चैत्यावर कुणाची नावं कोरलीत ते वाचा. धेनुकाकट नावाच्या गावचा सुतार, तिथलाच गंधी म्हणजे अत्तर विकणारा, परदेशी यवन. तेव्हाही गावातल्या साध्या माणसांनी आपल्या ऐपतीप्रमाणे दगड लावला आणि त्यांच्या नावापुढे त्यांचा धंदा कोरला गेला. बाग उभारताना गवंड्याचं, माळ्याचं, रोपं देणाऱ्या बाईचं नाव एखाद्या दगडावर आलं, तर तो वारसा दोन हजार वर्षांपूर्वीचा ठरेल.

बुधवारची बाग

टपरीवाल्या काकांना मी पत्रकारी आवाजात विचारलं, ‘‘काका, नवीन बाग झाली तर त्यात काय हवं?’’

काकांनी कारंज्याचं नाव काढलं नाही. ‘‘छप्पर,’’ ते म्हणाले. ‘‘चार म्हैने पाऊस. म्हाताऱ्या माणसानं बसायचं कुठं? तुमच्या बागा सगळ्या उन्हाळ्यासाठी असत्यात.’’

मैत्रिणीने मान खाली घालून वहीत लिहिलं. तिच्या आराखड्यात चार बाकं होती, चारही उघड्यावर.

शेजारी कणसं भाजणाऱ्या ताई निखारे फुंकत म्हणाल्या, ‘‘शनिवार-रविवार आमाला धंदा असतो. आमी येणार बुधवारी. तेव्हा कुलूप नसलं म्हंजे झालं. आन् बायकांचं संडास, पाणी असलेलं.’’

बुधवार! हा तर आमच्या डोक्यातच आला नव्हता. पर्यटनाच्या गावातली बाग पाहुण्यांच्या सुट्टीप्रमाणे चालते आणि गावच्या माणसांची सुट्टी वेगळीच असते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, मजेची नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. वाफेच्या इंजिनांसाठी रेल्वेने बांधलेलं ते धरण. त्याच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसणं ही आपल्या सगळ्यांचीच पावसाळी हौस. मीही कॉलेजात असताना तिथे बसलेय. त्या रविवारनंतर नियम आले, बंदोबस्त आला. पण पाण्यात पाय सोडून बसायची हौस बंदोबस्ताने जात नाही. घोट्याएवढ्या पाण्याचा दगडी पाट, पावसात उभं राहायला पागोळ्यांचा पडवीवजा आडोसा, लहान मुलाला हात धरून नेता येईल असा उतार, हे गावातल्या बागेत असलं तर निदान काही माणसं तरी धबधब्याच्या वाटेला जाणार नाहीत. चांगल्या बागेचा हाही एक उपयोग आहे.

नकाशा बदलतो, पण...

परतीच्या लोकलमध्ये मी तिला भायखळ्याच्या राणीबागेची गोष्ट सांगितली. १८६२ मध्ये सुरू झालेली ही बाग. प्राणिसंग्रहालय म्हणून आपण तिला ओळखतो, पण मुळात ती वनस्पती उद्यान आहे, दीडशे वर्षांच्या झाडांचं. २००७ मध्ये तिचा कोट्यवधींचा कायापालट करायचं ठरलं, तेव्हा काही मुंबईकर, त्यातही बायका, उठल्या आणि झाडं मोजायला लागल्या. कुठलं झाड कुठे, जात कुठली, वय किती. सभा, अर्ज, बागेतल्या फेऱ्या. पुढे तो आराखडा बदलला गेला. तिथल्या वादाला नंतरही तोंड फुटत राहिलं, पण वारसा जपायचा म्हणजे आधी तो मोजायचा, हे त्या बायकांनी दाखवून दिलं.

‘‘म्हणजे मी मंगळवारी भाषण नाही करायचं,’’ मैत्रीण म्हणाली. ‘‘त्यांच्या गावात काय काय आहे, त्याची यादी वाचायची.’’

मंगळवारी रात्री नऊला मेसेज आला. जसाच्या तसा देते:

‘बुरूज गेला. कारंजं पुढच्या टप्प्यात (म्हणजे बहुतेक गेलंच!). छप्पर मंजूर, दोन ठिकाणी. बुधवारी बाग उघडी. एक मावळा राहिला, त्यावर तडजोड नाही म्हणाले. खाचरावर सगळे हसले. मग एक वयस्कर सदस्य उभे राहिले. म्हणाले, माझी आई लावणीला जायची, नातवाला सांगितलं तर त्याला लावणी म्हणजे फक्त नाच वाटतो. खाचर पास! सेल्फी पॉइंटपण राहिला. पण तो आता खाचराच्या बांधावर आहे.’

मी उलट विचारलं, ‘लाल बदाम?’

उत्तर आलं, ‘आहे ना! भात पिकला की त्याच्यामागे पिवळं शेत येईल. काढ सेल्फी.’

लावणीला मला बोलावलंय. पांढरे बूट घालणार नाहीये.

तुमच्या गावात बाग होतेय? हे पाच प्रश्न विचारा!

• बागेच्या जागी आधी काय होतं? तळं, शेत, ओढा, गिरणी? त्याची एक तरी खूण राहतेय का?

• इथलं सगळ्यात जुनं झाड कुठलं? आराखड्यात ते आहे, की ‘अडथळा’ म्हणून दाखवलंय?

• पाणी कुठून येणार, कुठे जाणार? पंप बंद पडला तर बाग दिसणार कशी?

• गावच्या माणसाला सुट्टी कुठल्या वारी असते? त्या दिवशी फाटक उघडं असतं का? पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का?

• बागेतली कुठली गोष्ट दुसऱ्या कुठल्याही गावात उचलून ठेवता येणार नाही? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर आराखडा परत पाठवा!